स्वतःची गाणी रचणाऱ्यानं टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत जाताना

पवनदीप राजननं 'द व्हॉइस इंडिया'चं पहिलं पर्व जिंकलं ते २०१५ साली. १५ ऑगस्ट २०२१ ला तोच 'इंडियन आयडॉल'च्या बाराव्या पर्वाचा विजेता झाला. म्हणजे देशपातळीवर एकदा पहिला आल्यावरही त्याला दुसऱ्या स्पर्धेत पुन्हा स्पर्धक म्हणून उतरावं लागलं. लातूरच्या रोहित राऊतचंही तेच. २००८-०९ च्या मराठी 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'च्या शेवटच्या पाचांत तो होता. त्या पाच मुलांची नावं तेव्हा घराघरांत पाठ होती. दहा वर्षांनी तो 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात स्पर्धक म्हणून उभा राहिला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पहिला उपविजेता ठरला.

यात दोघांचं काही चुकलं असं नाही, त्या यंत्रणेची घडणच तशी आहे. कार्यक्रमात गळा तुमचा असतो, पण गाणं जवळपास प्रत्येक वेळी दुसऱ्याचं. पर्व संपलं की गाणं ज्याचं त्याच्याकडे जातं आणि तुमच्याकडे उरते ती ओळख. ती टिकवायला तुमच्याजवळ स्वतःचं काही नसेल, तर पुढच्या पर्वाचे नवे चेहरे आले की ती विरते. जो स्वतः लिहितो आणि चाली बांधतो, त्याच्याकडे हे 'स्वतःचं काही' आधीपासून असतं. अडचण अशी, की स्पर्धेत ते दाखवायला जागा फार कमी असते आणि करारात ते गमवायला जागा बरीच असते.

ऑडिशनला काय पाहतात

प्रत्येक कार्यक्रमाचे नियम वेगळे, पण ढाचा साधारण एकच. आधी ॲपवर व्हिडिओ टाकायचा किंवा शहरातल्या खुल्या ऑडिशनला जायचं. तिथे समोर नामवंत परीक्षक नसतात, निर्मिती संस्थेची संगीत जाणणारी माणसं असतात. त्यातून निवडलेल्यांची दुसरी चाळणी होते आणि मग कॅमेऱ्यासमोर परीक्षकांपुढे गायचं.

पहिल्या चाळणीत साथ नसते. तानपुरा ॲप कानाशी धरायला मिळालं तरी नशीब. तीस सेकंद ते मिनिटभर वेळ मिळतो. या ठिकाणी सर्वांत जास्त मुलं एकाच कारणानं मागे पडतात: घाबरून सा, म्हणजे गाण्याचा आधारसूर, नेहमीपेक्षा वर धरतात आणि अंतऱ्यात गळा पुरत नाही. उपाय अगदी साधा आहे. आत जायच्या आधी मोबाइलवर आपल्या पट्टीचा (गळ्याला सोयीच्या उंचीचा) सा ऐकायचा, गुणगुणत आत जायचं आणि ओळख सांगताना तो मनात धरून ठेवायचा. तीन गाणी तयार हवीत: एक संथ, एक ठेक्याचं आणि एक मातीतलं. अभंग, लावणी, भारूड, गोंधळ यांपैकी काहीही चालेल. चौथं म्हणून स्वतःचं गाणं जरूर ठेवावं, पण विचारल्याशिवाय काढू नये. अनोळखी गाण्यात सूर कुठे लागायला हवा होता हे ऐकणाऱ्याला माहीत नसतं, त्यामुळे तुमची तयारी मोजायला त्याच्याकडे माप नसतं. विचारलं, तर मुखडा आणि एक ओळ, वीस सेकंदांच्या आत.

गाण्याइतकाच तुमचा 'प्रवास'ही पाहिला जातो. गाव, घरची परिस्थिती, गुरू कोण, आधी कुठे हरलात, हे फॉर्ममध्येच विचारतात. तो मालिकेसाठी लागणारा कच्चा माल आहे. खोटं सांगू नये हे उघडच आहे. पण खरं असलं तरी घरातली कोणती गोष्ट पडद्यावर येऊ द्यायची हे आधीच आईवडिलांबरोबर बसून ठरवावं. एकदा चित्रित झालेलं वगळायचा अधिकार सहसा तुमच्याकडे राहत नाही.

एक गाणं अडीच मिनिटांत कसं बसतं

मूळ साडेचार-पाच मिनिटांचं गाणं टीव्हीवर दोन-अडीच मिनिटांचं होतं. आठ-दहा सेकंदांचा आलाप, मुखडा, म्युझिक पीस कापून अर्धा, एकच अंतरा, पुन्हा मुखडा आणि शेवटी वर चढणारी तान. ही रचना इतकी ठरून गेली आहे, की लोक डोळे मिटूनही 'आता टाळ्या' कुठे येणार ते सांगतील.

खरी झटापट असते ती पट्टीची. समजा मुलाची सोयीची पट्टी काळी एक (पेटीवरच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) आहे आणि गाणं तार, म्हणजे वरच्या, सप्तकातल्या पंचमापर्यंत जातं. म्हणजे वरचा सूर पेटीवर काळी चारवर पडतो. रियाजात सकाळी लागतो, पण संध्याकाळी तिसऱ्या टेकला फाटतो. दोन पट्ट्या खाली, पांढरी सातवर घेतलं तर तोच पंचम काळी तीनवर येतो आणि आरामात लागतो. पण मग मुखड्यातला मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचमही तितकाच खाली जातो, तिथे आवाजाला वजन राहत नाही आणि माइकमध्ये नुसती हवा ऐकू येते. मधली पांढरी एक घेऊन पाहिली तर दोन्हीकडे थोडं थोडं सोसावं लागतं. वाद्यवृंदाला पट्टी कळवल्यावर ती बदलणं अवघड जातं, म्हणून गाणं हातात आल्या दिवशीच ते तिन्ही पट्ट्यांत गाऊन रेकॉर्ड करावं आणि दुसऱ्या दिवशी थंड डोक्यानं ऐकावं. वरचा सूर ऐकून परीक्षक खूश होतील या मोहापायी चढी पट्टी धरणारे बरेच जण त्याच सुरावर घरी जातात.

कानात इन-इयर (कानात बसणारा छोटा स्पीकर) असतो आणि त्यात लयीचा क्लिक वाजत असतो. पेटी-तबल्यावर वाढलेल्या मुलांना याचा पहिले दोन आठवडे त्रास होतो, कारण गुरूजींचा तबला तुमच्यासाठी थांबायचा, क्लिक थांबत नाही. घरी मोबाइलवर ठोके देणाऱ्या मेट्रोनोम ॲपवर रोज वीस मिनिटं गावं, आधी प्रत्येक ठोक्यावर आणि मग दर चार ठोक्यांना एकच टिक ठेवून. मधल्या तीन ठोक्यांत तुम्ही पळता की रेंगाळता ते लगेच समजतं.

चित्रीकरणाचा दिवस दहा-बारा तासांचाही होतो. एसी गारठलेला, हवा कोरडी आणि गाण्याची पाळी रात्री. दिवसभर थोडं थोडं कोमट पाणी प्यावं, उगीच गप्पा मारू नयेत आणि आपल्या पाळीआधी पुन्हा दहा मिनिटं हलकं गावं. कुजबुजणं म्हणजे गळ्याला आराम, हा गैरसमज आहे. त्यानं स्वरतंतूंवर उलट ताण येतो. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं, कारण स्वरतंतूंवरच्या गाठी लवकर कळल्या तर बऱ्याचदा आवाजाच्या व्यायामानं आणि विश्रांतीनं आटोक्यात येतात.

मुलग्यांचा आवाज फुटतो तो काळ स्वतंत्र सांगायला हवा. साधारण बारा ते पंधरा वर्षांदरम्यान स्वरयंत्र वाढतं आणि आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. उतरताना रोज वेगळा लागतो. त्या वर्षात जुन्या चढ्या पट्टीत गायला लावणं म्हणजे गळा जाळणं. पट्टी उतरवावी, आवाज लागेल तेवढ्याच पट्ट्यात हलका रियाज ठेवावा आणि स्पर्धा सरळ एखादं वर्ष पुढे ढकलावी. लिहिणाऱ्या मुलाला हा काळ वाया जात नाही. गळा बसलेला असतानाही चाल पेटीवर बांधता येते.

करार: इथे घाई नको

निवड झाली की वीस-तीस पानांचा करार हातात येतो, बहुधा इंग्रजीत आणि बहुधा 'उद्या सकाळपर्यंत सही करून द्या' या सांगण्यासकट. तो वकिलाला दाखवावा. शक्यतो कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला, भाडेकरारवाल्याला नको.

लिहिणाऱ्यानं पहिल्यांदा शोधायचं कलम म्हणजे स्पर्धेदरम्यान आणि नंतर 'तयार होणाऱ्या' रचनांचे हक्क कुणाचे. काही करारांत भाषा इतकी मोकळी असते, की हॉस्टेलच्या खोलीत रात्री लिहिलेलं गाणंही त्यात बसवता येईल. त्यावर उपाय म्हणजे करारासोबत एक परिशिष्ट जोडणं: आधीपासून असलेल्या माझ्या रचनांची यादी, प्रत्येकीचं नाव, पहिली ओळ आणि तारीख. या रचना कराराबाहेर आहेत, असं एक वाक्य त्याखाली. हे मागितलं म्हणून कुणी सहसा रागावत नाही. मागितलं नाही तर मात्र कुणी आपणहून देत नाही.

गाणं रचलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर कागद लागतो. कॉपीराइट कार्यालयात शब्दांची साहित्यकृती म्हणून आणि चालीची संगीतकृती म्हणून वेगवेगळी नोंदणी होते, प्रत्येकी ५०० रुपये शुल्क. ध्वनिमुद्रणाचं शुल्क २,००० रुपये. अर्ज केल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं, म्हणून हे काम ऑडिशनच्या आधीच उरकलेलं बरं.

पैशांची गोष्ट २०१२ च्या दुरुस्तीनंतर बरीच बदलली, पण गावोगावच्या मुलांपर्यंत ती अजून पोचलेली नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातल्या या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीचा हक्क त्यांच्यापाशीच ठेवला. गाण्याचे हक्क तुम्ही कंपनीला विकू शकता, पण पुढे रेडिओ, टीव्ही, इंटरनेट, हॉटेल, मैफल अशा वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा तुमचाच राहतो. तो सोडून देता येत नाही. फक्त वारसांना देता येतो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेकडे सोपवता येतो. 'एकरकमी दिले, आता रॉयल्टी मागायची नाही' असं कलम करारात असलं तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. चित्रपटातल्या गाण्याला एक अपवाद आहे: तो चित्रपट थिएटरात दाखवला जातो त्याची रॉयल्टी मिळत नाही, इतर वापराची मिळते.

करार गप्प असेल तिथे कायदा आणखी काही गोष्टी देतो. हक्क किती वर्षांसाठी दिले ते करारात लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. कंपनीनं वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत तर ते परत येतात, मात्र करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. म्हणूनच करारात 'कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत' हे शब्द इतक्या आवर्जून येतात. ते दिसले की निदान वर्षांचा आकडा लिहून घेण्याचा प्रयत्न करावा.

मॅनेजमेंटचं कलम तितकंच बघण्यासारखं. पर्व संपल्यावर किती महिने किंवा वर्षं तुमचे कार्यक्रम त्यांच्यामार्फतच घ्यायचे, त्यात त्यांचा वाटा किती टक्के आणि तो वादकांचा खर्च वजा करून की आधी? लाख रुपयांच्या कार्यक्रमात वादक, प्रवास आणि साउंडवाला यांचे साठ हजार गेले आणि वाटा तीस टक्के असला, तर खर्च वजा करून तुम्हाला अठ्ठावीस हजार उरतात. आधी काढला तर दहा हजार. फरक एका शब्दाचा, पण तिपटीला जवळ जातो.

स्पर्धक अठराच्या आतला असेल तर त्याची सही चालत नाही, १८७२ च्या करार कायद्यानं अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरतो, म्हणून पालक सही करतात. चौदाच्या आतल्या मुलांसाठी २०१७ च्या नियमांत आणखी संरक्षण आहे: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत. सेटवर हे विचारायला पालक बिचकतात. बिचकू नये.

बक्षिसातून हातात किती येतं

टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या बक्षिसावर लॉटरीसारखाच सपाट ३० टक्के कर लागतो, वर उपकर. २५ लाखांच्या बक्षिसावर साडेसात लाख आधीच कापून घेतात, उपकर धरून कर ७ लाख ८० हजार होतो आणि हातात १७ लाख २० हजार राहतात. कपडे, क्लास, मुंबईतलं राहणं असा खर्च त्यातून वजा दाखवता येत नाही. गाडी मिळाली तर आणखी पंचाईत: गाडीची किल्ली देण्याआधी तिच्या किमतीवरचा कर भरला गेलाय याची खात्री देणाऱ्यानं करायची असते, म्हणजे कधी कधी विजेत्यालाच तो रोखीत उभा करावा लागतो.

कार्यक्रम संपल्यावरचे सहा महिने

जिंकणं आणि टिकणं यांचा संबंध वाटतो तेवढा घट्ट नाही. अरिजित सिंग २००५ च्या 'फेम गुरुकुल'मधून अंतिम फेरीआधीच बाहेर पडला. पुढची वर्षं त्यानं संगीतकारांच्या हाताखाली स्टुडिओत काढली, 'आशिकी २' आला २०१३ मध्ये. नेहा कक्कर 'इंडियन आयडॉल'च्या दुसऱ्या पर्वात हरली आणि नंतर त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसली. वैशाली माडे मराठी 'सारेगमप' जिंकून थांबली नाही, २००९ मध्ये हिंदीतलंही जिंकली आणि तरी मोठ्या हिंदी चित्रपटातलं गाजलेलं गाणं यायला २०१५ उजाडलं.

लिहिणाऱ्यानं मात्र एवढं थांबायची गरज नाही, जर गाणी आधीच तयार असतील तर. अंतिम फेरीपर्यंत चार ते सहा गाण्यांचे डेमो हवेत. गिटार किंवा पेटीवरचे साधे डेमोही पुरेत. पर्व संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत पहिलं गाणं आलं पाहिजे, मग दर सहा-सात आठवड्यांनी एक. पर्व संपल्यावर 'आता निवांत अल्बम करतो' म्हणणाऱ्याचा अल्बम येईपर्यंत पुढच्या पर्वाच्या ऑडिशन सुरू झालेल्या असतात.

गाणं बाहेर सोडण्याचा क्रम चुकला की पैसे हरवतात, आणि हे नेहमी घडतं. आधी कागदावर वाटणी: शब्द कुणाचे किती टक्के, चाल कुणाची किती, संगीत संयोजकाला ठरलेली फी की टक्का. मित्रानं अंतऱ्याच्या दोन ओळी बदलून दिल्या असतील तर तेही लिहायचं. सही करून घ्यायची ती गाणं चालायच्या आधी, कारण चाललं की प्रत्येकाची आठवण वेगळी होते. मग डिजिटल वितरकामार्फत गाणं ऐकण्याच्या सगळ्या ॲपवर टाकायचं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड मिळतो, तो जपून ठेवायचा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी ते त्यांच्याकडे पोचलेलं बरं, आणि बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे ध्वनिमुद्रणाचे पैसे तिथून येत नाहीत.

शब्द आणि चालीची रॉयल्टी वेगळ्या दारानं येते: आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सदस्यत्व घेऊन तिथे प्रत्येक रचना नोंदवायची. गायक म्हणून मिळणारी रॉयल्टी तिसऱ्या दारानं, इसामरा या गायक-वादकांच्या संस्थेमार्फत. गाणारा, लिहिणारा आणि चाल बांधणारा एकच असला तरी दारं तीनच राहतात. वितरकाकडून महिन्याला थोडे पैसे येतात म्हणून बाकीची दोन विसरून जाणारे खूप आहेत.

स्पर्धेत गाजलेलं दुसऱ्याचं गाणं आपल्या चॅनेलवर टाकायचा मोह होतो. टाकलं, तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि जाहिरातीचे पैसे सहसा मूळ हक्कदाराकडे वळवते. ओळख वाढवायला ठीक आहे, पण पोट भरायला नाही.

आणि एक सवय मोडावी लागते. टीव्ही शिकवतो की गाणं वर चढून संपतं. आपलं गाणं लोक बसमध्ये मोबाइलवर ऐकणार, तिथे पहिल्या पंधरा सेकंदांत कानाला काही सापडलं नाही तर अंगठा पुढे सरकतो. तानेची नक्कल दहा जण करतील, पण ओळ लक्षात राहते ती रचणाऱ्याच्या नावानं. मराठीत चाल बांधताना ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर ठेवला की शब्द ओळखू येत नाही. 'मन' चं 'माऽन' होतं आणि ऐकणारा अर्थ शोधत बसतो. ओळ आधी बोलून पाहावी, मग गुणगुणावी. बोलताना ज्या अक्षरावर श्वास थांबतो, तिथेच चालीत थांबावं.

घर चालतं ते मंचावरच्या कार्यक्रमांवर: गणेशोत्सव, नवरात्र, कॉलेजचे महोत्सव, परदेशातली महाराष्ट्र मंडळं. दोन तासांच्या कार्यक्रमात लोक तुमच्या स्पर्धेतली गाणी ऐकायला येतात, हे मान्य करावं. स्वतःचं गाणं पहिल्याला घेऊ नये, अजून खुर्च्या लागत असतात. शेवटी घेऊ नये, लोक चपला शोधत असतात. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला, ओळखीच्या दोन ठेक्याच्या गाण्यांमध्ये, वाद्यवृंद उतरवून नुसत्या पेटीवर किंवा गिटारवर घ्यावं, आणि सुरुवातीला त्याचा मुखडा एकदा नुसता बोलून दाखवावा.